४०६० आणि घड्याळाचा क्रिस्टल: फ्रिक्वेन्सी जनरेटर अडला तर कुठून बघायला सुरुवात करायची

एक ४०६० आयसी (क्रिस्टलला डोलवून मिळणारी फ्रिक्वेन्सी पुन्हा पुन्हा निम्मी करणारी चिप), घड्याळात असतो तो ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल आणि मूठभर सुटे भाग. मायक्रोकंट्रोलर नाही, प्रोग्राम नाही, तरी दहा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी मिळतात. सर्किट कागदावर इतकं साधं दिसतं, की चाललं नाही की लोक थेट आयसी बदलतात. तो बदलूनही चाललं नाही की क्रिस्टल बदलतात. असे अडलेले जनरेटर मी वरचेवर दुरुस्त करतो आणि त्यांत आयसी खरोखर मेलेला क्वचितच निघतो. घोळ असतो तो सप्लायमध्ये, अधांतरी सोडलेल्या पिनेत, आउटपुटवर टाकलेल्या भारात, आणि पुष्कळदा मोजण्याच्या पद्धतीतच.

लक्षणं

- काहीच होत नाही. सगळी आउटपुट ० व्होल्टवर किंवा पूर्ण सप्लायवर चिकटलेली.
- बोट जवळ नेलं की सुरू होतो, काढलं की बंद.
- उलट प्रकार: चालू असतो, पण स्कोपचा (सिग्नलचा तरंग दाखवणाऱ्या उपकरणाचा) प्रोब लावला की थांबतो.
- फ्रिक्वेन्सी स्थिर आहे, पण हवी त्याच्या दुप्पट, निम्मी किंवा भलतीच.
- पिन ७ वरचा एलईडी सेकंदाला तीनएक वेळा लुकलुकतो. (हे लक्षण फार बोलकं आहे, पुढे येईलच.)
- एकटा ४०६० नीट चालतो, पुढे दुसरा आयसी जोडला की आकडे बिघडतात.
- कोरड्या हवेत चालतो, दमट दिवशी अडतो.
- फ्रिक्वेन्सी निवडायचा स्विच फिरवताना मधेच कचरा, म्हणजे भलतेच स्पंद, बाहेर पडतो.

पुढचं सगळं या जोडणीबद्दल आहे: क्रिस्टलचं एक टोक पिन ११ ला, दुसरं टोक ३३० किलोओहममधून पिन १० ला. पिन १० आणि ११ यांच्यामध्ये थेट १० मेगाओहम. क्रिस्टलच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला २२-२२ पिकोफॅरड. पिन १२ म्हणजे रीसेट, ती ग्राउंडला. सप्लाय १६ ला, ग्राउंड ८ ला. सप्लाय ५ व्होल्ट.

आधी हे बघा, की बिघाड आहे तरी का

४०६० च्या पिना क्रमाने येत नाहीत. ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर पिन ७ ला २०४८ हर्ट्झ, ५ ला १०२४, ४ ला ५१२, ६ ला २५६, १४ ला १२८, १३ ला ६४, १५ ला ३२, १ ला ८, २ ला ४ आणि ३ ला २ हर्ट्झ मिळतात. पिना ७, ५, ४, ६ अशा उड्या मारतात, त्यामुळे ४, ५, ६, ७ असं सरळ वायरिंग केलेलं असलं की "फ्रिक्वेन्सी चुकते" ही तक्रार ठरलेली.

१६ हर्ट्झ यात कुठेच नाही. आत फ्रिक्वेन्सी निम्मी करणारे १४ टप्पे आहेत, पण अकरावा टप्पा बाहेर काढलेलाच नाही. पहिले तीनही नाहीत. ३२ नंतर एकदम ८ येतात, ते बरोबर आहे. १ हर्ट्झही मिळत नाही, कारण ३२,७६८ म्हणजे २ चा पंधरावा घात आणि टप्पे चौदाच. १ हर्ट्झसाठी पुढे ४०१३ सारखा फ्लिपफ्लॉप (आणखी एकदा निम्मी करणारा आयसी) लावावाच लागतो.

मीटर २०४७.९६ दाखवतो म्हणून क्रिस्टल बदलू नका. या क्रिस्टलची नेहमीची हमी असते २५ अंश सेल्सिअसला अधिक-उणे २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग), म्हणजे २०४८ मध्ये ०.०४ हर्ट्झ. मीटर २०४५ दाखवत असेल तर तो फरक हजार पीपीएमच्याही पुढे जातो. नीट डोलणारा क्रिस्टल कॅपॅसिटर थोडे चुकले म्हणून इतका सरकत नाही. अशा वेळी पहिला संशय मीटरवर घ्यायचा.

सप्लाय: मीटरची टोकं थेट आयसीच्या पायांवर

सप्लायच्या टर्मिनलवर ५ व्होल्ट दिसले म्हणजे आयसीला ५ व्होल्ट मिळतात असं नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळं टोक पिन ८ च्या धातूवर, लाल टोक पिन १६ च्या धातूवर. ब्रेडबोर्डच्या भोकात नाही, आयसीच्या पायावर. मोठ्या ब्रेडबोर्डची सप्लायची पट्टी पुष्कळदा मधोमध तुटलेली असते आणि वरून ती अखंड वाटते. अर्धं सर्किट उपाशी राहतं ते इथे.

पुढच्या आयसींवरही हेच करा, कारण इथे एक फसवा प्रकार आहे. ४०१३ च्या सप्लायच्या पिनेची वायर सैल असली तरी तो चालल्यासारखा दिसतो. मागच्या आयसीचा सिग्नल त्याच्या इनपुटच्या संरक्षक डायोडमधून शिरून त्याला जगवतो. त्याच्या सप्लायच्या पिनेवर ५ ऐवजी चार-सव्वाचार व्होल्ट आणि तेही हलते दिसले, की ओळखायचं: याला सप्लाय मिळतच नाही, हा इनपुटवर जगतोय.

आयसीवरचं नाव पूर्ण वाचा. सीडी४०६० आणि एचईएफ४०६० ३ पासून १५ व्होल्टपर्यंत आरामात चालतात. ७४एचसी४०६० च्या पिना त्याच, काम तेच, पण तो २ ते ६ व्होल्टचाच आहे. ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आयसी बदला.

आणि १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर १६ आणि ८ च्या अगदी लगत हवा. बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावलेला मोजायचा नाही. आउटपुट पलटताना आयसी क्षणभर मोठा करंट ओढतो. तो जवळून मिळाला नाही तर सप्लाय खाली दबतो, आणि मोजणारे टप्पे त्या दाबालाच क्लॉकची कड (मोजायच्या सिग्नलचं पलटणं) समजून बसतात.

अधांतरी पिना

खर्च शून्य, आणि सगळ्यांत जास्त बिघाड इथेच निघतात. सीमॉसच्या (हे आयसी याच जातीचे) इनपुटला स्वतःचं मत नसतं. कुठेच न जोडलेली पिन शून्य नसते आणि एकही नसते, ती आसपासच्या विद्युतक्षेत्रावर डोलते. "हात जवळ नेला की चालतो" याचं मूळ हेच.

४०६० ची पिन १२ अधांतरी राहिली आणि तिला उच्च पातळी मिळाली, तर मोजणी शून्यावर जाते आणि आतला ऑसिलेटरही (क्रिस्टलला डोलत ठेवणारा भाग) थांबतो. म्हणजे लक्षण दिसतं क्रिस्टल मेल्याचं आणि दोष असतो एका वायरचा. पुढे ४०१७ (१० ने भागणारा आयसी) असेल तर त्याची पिन १३ आणि पिन १५ दोन्ही ग्राउंडला हव्यात. पिन १३ उच्च पातळीवर गेली की मोजणी गोठते, पिन १५ गेली की शून्यावर अडकते. ४०१३ मध्ये ४, ६, ८, १० या सेट-रीसेटच्या पिना ग्राउंडला. त्याचा एकच अर्धा भाग वापरत असाल, तर उरलेल्या भागाच्या ९ आणि ११ सुद्धा ग्राउंडला. "तो भाग मी वापरतच नाही" हे आयसीला कळत नाही. अधांतरी इनपुट मधल्या पातळीवर रेंगाळला की आतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट उघडे राहतात, आयसी फुकटचा करंट खातो आणि सप्लायवर गोंगाट करतो.

फक्त इनपुट बांधायचे. न वापरलेली आउटपुट मोकळीच सोडायची. सगळंच ग्राउंडला जोडणारे उत्साही लोकही भेटतात.

सर्किटचे दोन भाग करा: ऑसिलेटर की डिव्हायडर (भागाकार करणारे टप्पे)?

या टप्प्याआधी काहीही बदलू नये असं माझं ठाम मत आहे. नुसत्या डीसी मीटरवर हे काम होतं.

पिन ७ वर डीसी व्होल्ट मोजा. ५ व्होल्टच्या सप्लायवर साधारण अडीच व्होल्ट स्थिर दिसले, तर ऑसिलेटर चालू आहे. कारण पिन ७ हे डिजिटल आउटपुट आहे, ते अडीचवर बसूच शकत नाही. ते ० आणि ५ मध्ये समसमान वेळ पलटतंय आणि मीटर त्याची सरासरी दाखवतोय. ० किंवा ५ चिकटलेले दिसले, तर पलटणं बंद आहे.

हाच निष्कर्ष पिन १० वरून काढता येत नाही, आणि लोक नेमके तिथेच मोजतात. १० मेगाओहमचा रेझिस्टर आतल्या इन्व्हर्टरला (सिग्नल उलटा करणाऱ्या गेटला) मुद्दाम मध्यावर आणून ठेवतो, म्हणून पिन १० क्रिस्टल डोलत असतानाही अडीचच्या आसपास असते आणि क्रिस्टल गप्प असतानाही. ती मध्यावर नसून एका टोकाला चिकटली असेल, तर मात्र महत्त्वाची खूण मिळाली: १० मेगाओहम जोडलेलाच नाही, किंवा पिन ११ कुठेतरी गळते आहे, किंवा रीसेट अजून उच्च पातळीवर आहे.

पिन ११ वर मीटर लावूच नका. साध्या डिजिटल मल्टिमीटरची स्वतःची अडवणूक १० मेगाओहम असते. तेवढाच रेझिस्टर ११ ला धरून बसलेला आहे, म्हणजे मीटर लावताच तिथली पातळी ढासळते आणि चालू ऑसिलेटर थांबू शकतो. मग "मोजलं तेव्हा बंदच होतं" असं छातीठोकपणे सांगितलं जातं.

स्कोप किंवा फ्रिक्वेन्सी मोजणारा मीटर असेल तर मोजायची जागा पिन ९. या जोडणीत ती रिकामी असते. आत आणखी एका इन्व्हर्टरमधून गेल्यावर ऑसिलेटरचा चौकोनी सिग्नल तिथे येतो, त्यामुळे तिथे प्रोब लावला तरी क्रिस्टलला धक्का पोचत नाही. तिथे ३२,७६८ दिसले, की क्रिस्टल, १० मेगाओहम आणि दोन्ही छोटे कॅपॅसिटर एका फटक्यात निर्दोष सुटले. प्रोब १० पटीच्या स्थितीतच ठेवा. १ पटीच्या स्थितीत तो १०० पिकोफॅरडच्या आसपास भार टाकतो, १० पटीत दहा-पंधरा. जिथे २२ पिकोफॅरडचा हिशेब चाललाय तिथे १०० म्हणजे सरळ ब्रेक.

मीटरही नसेल तर पिन ३ वर २.२ किलोओहममधून एलईडी. अर्ध्या मिनिटात ६० वेळा लुकलुकला पाहिजे. चाचणी झाली की एलईडी काढून टाका. का, ते पुढे.

आता ते तीन वेळा लुकलुकणं. क्रिस्टल गप्प आहे आणि पिन ११ नीट बांधलेली नाही, अशा वेळी ती अँटेनासारखी वागते आणि घरातल्या वीजवाहिन्यांची ५० हर्ट्झ पकडते. पिन ७ पर्यंत येताना १६ ने भागाकार होतो, तेव्हा सेकंदाला तीनच्या थोडं वर. ६० हर्ट्झच्या देशात पावणेचारच्या जवळ. हे दिसलं तर एक चांगली बातमी आहे: मोजणारे टप्पे ठणठणीत आहेत. पिन ११ च्या आसपासचं सोल्डर किंवा १० मेगाओहमची जोडणी बघा. असा जनरेटर पिन ३ वर मेल्यासारखाच दिसतो, कारण तिथे ५० हर्ट्झचं एक आवर्तन पूर्ण व्हायला साडेपाच मिनिटांच्या जवळ लागतात.

ऑसिलेटर बंद असेल तर

पहिली गोष्ट म्हणजे थांबा. ३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल हा सूक्ष्म काट्यासारखा असतो, तो हळूहळू झोका घेतो. सप्लाय दिल्यावर पूर्ण डोलायला सेकंदभर लागणं स्वाभाविक आहे, कमी व्होल्टेजवर त्याहून जास्त. लगेच चालू-बंद करत राहिलात तर तो कधीच सुरू होणार नाही.

मग ब्रेडबोर्ड. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्येच दोन-पाच पिकोफॅरड लपलेले असतात, आणि पिना ९, १०, ११, १२ एका ओळीत आहेत. क्रिस्टल आणि त्याचे दोन कॅपॅसिटर लांब तारांनी जोडलेले असतील तर आधी ते आखूड करा. क्रिस्टल आयसीला चिकटून हवा. ब्रेडबोर्डवर अडणारं हेच सर्किट छोट्या डॉट बोर्डवर सोल्डर केलं की मुकाट्याने चालतं, हा नेहमीचा अनुभव. म्हणून ब्रेडबोर्डवर फार वेळ झगडण्यात अर्थ नाही.

स्वच्छता हा विषय लोक हसण्यावारी नेतात. इथे १० मेगाओहमचा रेझिस्टर काम करतोय. बोर्डावर उरलेला सोल्डरचा फ्लक्स, त्यावर बसलेली दमट हवा आणि बोटांचा घाम मिळून पिन ११ पासून ग्राउंडपर्यंत तेवढ्याच किमतीची गळती सहज तयार होते. मग इन्व्हर्टर मध्यावरून सरकतो आणि क्रिस्टलला ढकलणं सोडतो. दमट दिवशी अडणाऱ्या बोर्डाला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश हा पहिला इलाज, विशेषतः १० ते १२ या पिनांमधल्या जागेत. पूर्ण वाळू द्या, मगच सप्लाय. चिकट पांढरट थर नुसता पसरवून ठेवला तर आधीपेक्षा वाईट, म्हणून दोनदा धुवा.

त्यानंतर भागांच्या किमती. २२ पिकोफॅरडच्या जागी २२० लागलेला असतो, कारण अंगावर "२२०" छापलेला सिरॅमिक कॅपॅसिटर २२ चा असतो, "२२१" छापलेला २२० चा, आणि "२२" छापलेलाही २२ चाच. घाईत यातलं काहीही हाताला लागतं. कॅपॅसिटर फार मोठा झाला की आयसीची ढकलण्याची ताकद अपुरी पडते. १० मेगाओहमच्या जागी १ मेगाओहम लागला तरी चालू शकतं, पण सुरू व्हायला कुरकुर करतं. ३३० किलोओहम मात्र उडवू नका. "त्याशिवायही चालतं" हे खरं आहे, पण हे क्रिस्टल साधारण १ मायक्रोवॉटच्या आसपासच्या ताकदीसाठी बनवलेले असतात. रेझिस्टर नसेल तर आयसी त्याला झोडपतो. मग फ्रिक्वेन्सी सरकते, कधी क्रिस्टल भलत्याच कंपनावर जातो, आणि कालांतराने आतला काटा तडकतो. ९ किंवा १२ व्होल्टवर चालवायचं असेल तर हा रेझिस्टर वाढवायचा, कमी करायचा नाही.

बोट लावल्यावर सुरू होतो आणि मग चालू राहतो? मग कडी पूर्ण आहे, पण ताकद काठावर आहे. सप्लाय कमी, कॅपॅसिटर मोठे किंवा तारा लांब, या तिघांपैकी एक.

एवढं करून झाल्यावरच क्रिस्टल बदला. टेबलावरून खाली पडलेला, पाय मुळाशी वाकवलेला किंवा बराच वेळ तापवलेला क्रिस्टल वरून धडधाकट दिसतो आणि आत मेलेला असतो. मल्टिमीटरने तो तपासता येत नाही, दोन्ही दिशांना उघडाच दाखवतो, चांगला असला तरीही. नवा लावून बघणं हीच चाचणी. आयसी त्याच्याही नंतर.

ऑसिलेटर चालतोय, आकडे चुकतायत

इथे मोठा गुन्हेगार म्हणजे भार. ५ व्होल्टवर सीडी४०६० चं आउटपुट नीट लॉजिक पातळी राखून जेमतेम अर्धा ते एक मिलिअँपिअर देतं. त्याच पिनेवर एलईडी लावला की उच्च पातळी ५ वरून पार खाली घसरते. एलईडी दिसतो, माणूस खूश, आणि पुढचा आयसी मात्र ती पातळी उच्च मानायला तयार नसतो. ७४एचसी जातीच्या इनपुटला ५ व्होल्टवर साडेतीन व्होल्ट तरी लागतात. म्हणून एलईडीला, स्पीकरला, लांब केबलला थेट पिन द्यायची नाही. मधे ट्रान्झिस्टर किंवा ७४एचसी१४ चा एक गेट घाला आणि बाहेर जाताना शंभरेक ओहमचा एक रेझिस्टर. जुन्या टीटीएल आयसीचं आउटपुट ७४एचसी ला देत असाल तर अडचण तीच, पातळी अपुरी पडते. तिथे ७४एचसीटी वापरा, त्याला २ व्होल्ट पुरतात.

दुप्पट किंवा उड्या मारणारे आकडे म्हणजे बहुतेक वेळा एकाच कडेची दोनदा मोजणी. क्लॉकची कड संथ असेल तर उंबरठ्यावर ती रेंगाळते, आणि तिथे आलेला जरासा गोंगाटही पुढच्या आयसीला दोन-तीन कडा वाटतो. लांब तारेत कड तीव्र असली तर ती थरथरते, परिणाम तोच. पहिल्यावर उपाय श्मिट ट्रिगर (संथ कड तीव्र करणारा गेट), म्हणजे ७४एचसी१४ किंवा ४०१०६. दुसऱ्यावर तार आखूड करणं आणि आउटपुटपाशी ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर.

भागाकार बदलण्यासाठी ४०४० (ऑसिलेटर नसलेला तसाच आयसी) किंवा ४०६० ची दोन-तीन आउटपुट अँड करून (सगळी उच्च झाली तरच उच्च होणाऱ्या गेटमधून) रीसेटला परत आणायची युक्ती सर्रास दिसते. मला ती आवडत नाही. या आयसींचे टप्पे एकामागून एक पलटतात, एकदम नाही, त्यामुळे मधल्या क्षणी अँडच्या इनपुटवर खोटी जुळणी तयार होते. शिवाय पहिला टप्पा शून्य झाला की रीसेटचा स्पंद तिथेच संपतो, मागचे टप्पे शून्य व्हायचे राहून जातात. एखाद्या बोर्डवर चालतं, त्याच्या जुळ्या भावावर चालत नाही, तापमान बदललं की दोन्हीवर चालत नाही. १० ने भागायचं तर ४०१७ लावा आणि पिन १२ वरून समसमान चौकोनी तरंग घ्या. ७४एचसी३९० असेल तर आधी ५ ने भागणारा भाग आणि मग २ ने भागणारा. उलट क्रमाने लावलात तरी फ्रिक्वेन्सी बरोबर येते, पण तरंग लंगडा होतो.

रोटरी स्विचचा कचरा लवकर सांगून टाकतो. फिरताना आधीचं टोक सोडायच्या आत पुढचं जोडणारा स्विच दोन आउटपुट एकमेकांवर लादतो. आधी सोडून मग जोडणारा घ्या. आणि मधल्या मोकळ्या क्षणी बफरचा (बाहेर जाताना मधे घातलेल्या गेटचा) इनपुट अधांतरी राहू नये म्हणून तिथून ग्राउंडला १०० किलोओहम.

मेगाहर्ट्झचा क्रिस्टल वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. सीडी४०६० ला ५ व्होल्टवर सुमारे साडेतीन मेगाहर्ट्झपर्यंतचीच हमी आहे, ४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल कधी चालेल, कधी नाही. तिथे ७४एचसी४०६० योग्य, आणि ३३० किलोओहमऐवजी एक-दोन किलोओहम. दुसरी: क्रिस्टलवर छापलेल्या आकड्याच्या बरोबर एक तृतीयांश फ्रिक्वेन्सी मिळत असेल, तर क्रिस्टल तिसऱ्या ओव्हरटोनचा (मूळ कंपनाच्या तिप्पटवर चालवायचा) आहे. ४८ छापलेला १६ वर डोलतो. तो खराब नाही, या सर्किटसाठी चुकीचा आहे.

क्रिस्टल न लावता रेझिस्टर-कॅपॅसिटरवर चालवणाऱ्यांनी अचूकतेची तक्रार करू नये, हे माझं स्पष्ट मत. तिथलं सूत्र, ४०६० साठी १ भागिले २.३ गुणिले रेझिस्टर गुणिले कॅपॅसिटर, हा अंदाज आहे. दिवसभरात फ्रिक्वेन्सी फारच भटकत असेल तर कॅपॅसिटरची जात बघा. वाय५व्ही जातीच्या सिरॅमिकची किंमत तिच्या तापमानाच्या पट्ट्यात ८२ टक्क्यांपर्यंत खाली जाऊ शकते. सी०जी (तापमानाने जवळजवळ न बदलणारा सिरॅमिक) किंवा फिल्म कॅपॅसिटर लावा, निम्मी तक्रार मिटेल. एकाच ४०१०६ मध्ये दोन वेगवेगळे ऑसिलेटर बसवले असतील तर ते सप्लायमधून एकमेकांना ओढतात आणि सोप्या गुणोत्तरावर येऊन अडकतात. दोन आयसी वापरा.

शेवटचे काही पीपीएम

दिवसाला १ सेकंदाचा फरक म्हणजे ११.६ पीपीएम. फ्रिक्वेन्सी वर असेल तर छोटे कॅपॅसिटर थोडे वाढवा, खाली असेल तर कमी करा. एका कॅपॅसिटरच्या जागी ५ ते ३० पिकोफॅरडचा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा कॅपॅसिटर) लावला की काम सोपं. फिरवायला प्लॅस्टिकचा स्क्रूड्रायव्हर, धातूचा नाही. तो टेकवताच फ्रिक्वेन्सी हलते. आणि हे क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सगळ्यांत वेगाने डोलतात, त्याच्या वर किंवा खाली दोन्हीकडे मंदावतात. ४५ अंशांना सुमारे १४ पीपीएम, म्हणजे दिवसाला सव्वा सेकंदाच्या जवळपास मागे. खोक्यात रेग्युलेटरच्या शेजारी क्रिस्टल बसवला असेल तर आधी जागा बदला, ट्रिमर नंतर.

इथे थांबा

सप्लाय ट्रान्सफॉर्मरशिवाय, मोठ्या कॅपॅसिटरमधून थेट मेन्सवरून घेतलेला असेल, तर या सर्किटच्या कुठल्याही पायाला हात लावू नका आणि स्कोपची ग्राउंड क्लिप तर अजिबात लावू नका. त्या सप्लायचा "ग्राउंड" मेन्सला जोडलेला असतो, त्याने माणूसही जातो आणि स्कोपही. जनरेटर तपासायचाच असेल तर तो सप्लाय पूर्ण सोडवून बॅटरीवर तपासा. सप्लाय दुरुस्त करणं हे जाणकार तंत्रज्ञाचं काम. ट्रान्सफॉर्मर असूनही तो तापत असेल, जळका वास येत असेल, फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तरीही तेच.

बॅटरीवर, धुतलेल्या बोर्डवर, नवा क्रिस्टल आणि नवा आयसी लावूनही पिन ९ वर काही येत नसेल, तर आणखी भाग बदलण्यात पैसे घालू नका. स्कोप असलेल्या आणि तो वापरता येणाऱ्या माणसाकडे बोर्ड द्या, ट्रॅकमधली केसाएवढी चीर त्याला लवकर सापडेल. या सिग्नलवर एखादं मोजमापाचं किंवा वैद्यकीय उपकरण जुळवायचं असेल, तर घरच्या ट्रिमरवर विसंबू नका, कॅलिब्रेशन प्रयोगशाळेतून मोजून घ्या. बोर्ड कोणाकडेही देताना सोबत चार आकडे लिहून द्या: पिन १६, १२, १० आणि ७ चं डीसी व्होल्टेज, एलईडी आणि पुढचे आयसी काढून घेतलेलं.